मात्रानलिकेचे तायडे

"गुरुजी, तुमचं संस्कृत बरोबर आहे हे ओळखायचं कसं?"

वामन तायडे यांनी आमच्या घराच्या पायरीवर उभे राहून मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार त्यांनी आधी केला होता आणि तो व्यवस्थित वाकून केला होता. परंतु नमस्कारानंतर क्षेमकुशल विचारण्याची जी रीत असते, तिला त्यांनी फाटा दिला. जळगावच्या एका शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. विद्यार्थ्यांनी माझा तास कंटाळवाणा मानला, काही पालकांनी विषयच निरुपयोगी ठरवला. पण माझे संस्कृत खरे की खोटे, अशी शंका उघडपणे कोणी घेतली नव्हती.

मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "दुसऱ्या एखाद्या जाणकाराला विचारून पाहा."

"विचारलं ना. दोघांना विचारलं. दोघांनी दोन अर्थ सांगितले, म्हणून तिसऱ्याकडे आलो."

त्यांच्या हातात शाळकरी वही होती. तिच्यात निळ्या शाईने, एकेक अक्षर जपून, एका प्राचीन वैद्यकग्रंथातला उतारा उतरवलेला होता. रुग्णाने औषधी वनस्पतींचा धूर कोणत्या नळीतून ओढावा, ती नळी किती लांब असावी, किती झुरके घ्यावेत, याचे ते वर्णन. मी अर्थ सांगितला. पानावर दोन रकाने आधीच भरलेले होते, तिसऱ्यात त्यांनी माझा अर्थ लिहिला, तिन्ही रकान्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "तुमचा पहिल्याशी जुळतो. पण म्हणून तुम्ही दोघं बरोबर असाल असं नाही. दोघं मिळूनही चुकू शकता."

ते गेल्यावर सुमती, माझी पत्नी, आतून म्हणाली, "कोण होता हो हा? पोलिसातला का?"

तायडे पोलिसातले नव्हते. शेतांना ठिबकने पाणी देणाऱ्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासनीस होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. नव्या नळीच्या वेटोळ्यातून एक तुकडा कापून घ्यायचा, त्यावरच्या प्रत्येक ड्रिपरखाली, म्हणजे थेंब पडायच्या छिद्राखाली, काचेचे एकेक माप ठेवायचे, घड्याळ लावायचे आणि प्रत्येकातून सारखेच पाणी पडते की नाही हे पाहायचे, एवढे एकच काम त्यांनी जन्मभर केले. त्या कामाने त्यांचा स्वभाव घडवला, की असा स्वभाव होता म्हणून ते काम त्यांना मिळाले, हे मला कधी कळले नाही. एक माप कमी भरले तर ते सबंध वेटोळे बाजूला काढत. वरिष्ठ म्हणत, तायडे, सरासरी तर बरोबर येते आहे. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे: "साहेब, केळीला सरासरी पाजता येत नाही. तिला तिच्या ड्रिपरचंच पाणी मिळतं."

त्यांचे गाव रावेरच्या बाजूचे. शरीर सडपातळ, शर्टाची वरची गुंडीही लावलेली, खिशात घडीची पट्टी आणि भिंग. चहाला बसले की साखर आपणच घालून घेत, कारण "अक्का, तुमचा चमचा शिगेचा असतो, माझा सपाट." दुधाच्या पिशवीवरचे माप ते खरे मानत नसत. भिंतीवरच्या आमच्या घड्याळाकडे पाहून झाल्यावर ते हमखास आपल्या मनगटाकडे पाहत, आणि मग दोन्ही घड्याळांविषयी सारखाच अविश्वास त्यांच्या चेहऱ्यावर उमटे. एकदा मी थोडे चिडून विचारले, "तायडे, तुमचा कशावरच विश्वास नाही का?"

ते हसले. "आमच्या धम्मात सांगितलंय गुरुजी, ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं."

ते बौद्ध. मी रोज त्रिकाळ संध्या करणारा. असा मनुष्य आमच्या घरी येऊन संस्कृत उतारे सोडवील अशी माझी कल्पना नव्हती, आणि मी ते सोडवून देईन अशी त्यांचीही नसावी. आरंभी आम्ही एकमेकांकडे जे पाहत होतो, त्याला मोकळेपणा म्हणता येणार नाही.

माझ्या संशयाला कारणही होते. त्यांना एक उपकरण बनवायचे होते: तळहातावर मावणारी एक नळी, जिची टोपी एक घर फिरवली की आतल्या साठ्यातून ठरावीक चिमूटभर चूर्ण पुढे यावे आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जावे. दम्याच्या रुग्णांना डॉक्टर जो पंप देतात त्याच जातीचे हे यंत्र. परंतु आत औषध मात्र आपल्या झाडापाल्याचे. अडुळसा आणि त्याच्याबरोबर अगदी अल्प मात्रेत धोतरा. जे फूल मी श्रावणी सोमवारी पिंडीवर वाहतो त्याच झाडाचे पान! ते हातात घेतले तरी मी नंतर हात धुतो. यंत्रकामातला हा मनुष्य शास्त्राचा आधार कशाला शोधतो आहे? उद्या त्याच्या खोक्यावर माझे नाव छापलेले दिसेल, अशी माझी खात्री होत चालली होती.

तरीही मी त्यांना येऊ दिले, कारण घरात सुमती होती. तिला बावीस वर्षांचा दमा. कापसाच्या हंगामात सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याकडून वारा आला की तिची रात्र बसून जाई. डॉक्टरांचा पंप होता आणि तो लागूही पडे, पण तो घेतला की हात थरथरतात, छाती धडधडते, म्हणून ती तो चुकवी. तायड्यांची नळी हे तिच्या आशेचे स्थान झाले होते. ते आले की ती दारातूनच विचारी, "भाऊ, झाली का हो नळी?"

"नाही अक्का. अजून खोटं बोलते."

एके दिवशी उताऱ्यात असे आले की नळीची लांबी रुग्णाच्या स्वतःच्या बोटांनी मोजावी. तायड्यांनी लेखणी खाली ठेवली.

"स्वतःच्या? म्हणजे वैद्याच्या नाही?"

"नाही. ज्याने ओढायची त्याच्या."

"म्हणजे त्यांनाही संशय होता!" त्या ओसाड चेहऱ्यावर एवढा आनंद मी प्रथमच पाहिला. "एक माप सगळ्यांना चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. गुरुजी, ही माणसं कामाची आहेत. पुढं वाचा."

पुढे, धूर अवेळी किंवा अधिक ओढला तर कोणकोणते अपाय होतात त्यांची यादी होती: बहिरेपण, अंधत्व, वाचा जाणे, भोवळ. मी ती भराभर आटोपणार होतो. त्यांनी मला थांबवले आणि प्रत्येक शब्द दोनदा सांगायला लावला. गुणांचे वर्णन त्यांनी कधी लिहून घेतले नव्हते. दोषांची यादी मात्र संपूर्ण उतरवली. त्याच दिवशी, वही मिटल्यावर, त्यांनी आपल्या आईची हकीकत सांगितली.

आईलाही दमा होता. गावात एक गृहस्थ धोतऱ्याची वाळलेली पाने चिलमीत घालून देत. चिमूट त्यांच्या बोटांची, ठरलेली. कित्येकदा तिला त्या धुराने आराम पडला. एका सकाळी तेच गृहस्थ, तीच चिमूट, तीच चिलीम. आणि दुपारी आई अंगणात बसून हवेतले काही तरी वेचू लागली. वामन शाळेतून आले तर तिने विचारले, "तू कोनाचा रे बाबा? तुही माय वाट पाहत असीन, जाय घरी."

"दोन दिवसांनी उतरलं," तायडे म्हणाले. "पण त्यानंतर तिनं चिलीम कधी घेतली नाही. जीव कासावीस व्हायचा, पण नको म्हणायची. औषधाची भीती बसली नव्हती तिला. आपलं पोर ओळखू येणार नाही, याची बसली होती. पान तेच होतं गुरुजी. कोणत्या झाडाचं, कोणत्या महिन्यातलं, ओलं किती, वाळलेलं किती, हे कोणी मोजलं नव्हतं."

त्या दिवसानंतर त्यांच्याविषयीचा माझा संशय कमी व्हायला हवा होता. तो काहीसा झालाही. पण मनुष्य आपली हकीकत सांगतो तेव्हा काही तरी मागण्याची तयारी करत असतो, असाही एक विचार माझ्या मनात येऊन गेला, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यांनी मागितले ते असे: आमच्या भजनी मंडळाची एक मोडकी पेटी माळ्यावर पडून होती, तिचा भाता. रुग्णाच्या श्वासाऐवजी भात्याने हवा ओढायची, नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा बसवायचा, आणि दर झुरक्यागणिक बोळ्याचे वजन किती वाढते ते पाहायचे. वजनाला सराफी काटा आणला होता. तो खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी तांब्याच्या तारेचा एकच तुकडा घेऊन ते सराफ बाजारातली दुकाने हिंडले. तिसऱ्या दुकानात त्यांना बसवून ठेवले आणि मालकाला बोलावणे गेले. मालक म्हणाला, "भाऊ, तार तांब्याची आहे. सोनं समजून फिरताय का?"

"मला माहीत आहे तांब्याची आहे. तुमचा काटा कशाचा आहे ते बघायला आलो."

त्यांना तिथून कसे बाहेर काढण्यात आले ते त्यांनी स्वतःच आम्हांला सांगितले, आणि सुमती हसता हसता खोकू लागली तेव्हा तिचा श्वास पूर्ववत होईपर्यंत मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिले.

औषधाचे ज्ञान तायड्यांना नव्हते आणि ते तसे स्पष्ट सांगत. चूर्णासाठी त्यांनी धुळ्याच्या रमण वैद्यांना गाठले. सारे धुळे त्यांना नाना म्हणते. पिढीजात वैद्य, वाणी मधाळ, हाताला यश. सातपुड्याच्या पायथ्याहून पाने आणवून, अर्क काढून, तो खडीसाखरेच्या वस्त्रगाळ पिठात घोटून नाना चूर्ण सिद्ध करत. उन्हाळ्यात भात्यावर घेतलेल्या चाचण्या उत्तम आल्या. नाना मोटारीने जळगावला आले आणि यंत्राला नाव सुचवा म्हणून माझ्यासमोर बसले. मी 'प्राणनलिका' सुचवले.

"प्राण नको," तायडे म्हणाले. "जाऊ पण शकतो."

नाना मोठ्याने हसले. "तायडे भाऊ, तुम्ही बारशालाच तेराव्याचं बोलता!"

शेवटी 'मात्रानलिका' ठरले. त्यानंतर नानांनी, तायडे पाणी प्यायला आत गेले असताना, माझ्याकडे एक पत्र मागितले: ही नलिका शास्त्राला धरून आहे, एवढेच. मी ते दोन दिवसांनी लिहून पाठवले. माझ्या मनात फक्त नळीची लांबी आणि झुरक्यांचा क्रम होता. चूर्णाविषयी मी एक शब्दही लिहिला नाही, आणि चूर्णाविषयी मला काही ठाऊक नाही, असाही एक शब्द लिहिला नाही. संस्कृत जाणणाऱ्याने शास्त्रसंमत म्हटले की लोक त्याचा अर्थ निर्धोक असा घेतात, हे मला समजायला हवे होते. तायड्यांना मी हे पत्र सांगितले नाही. ज्या मनुष्याने माझे नाव कधीच मागितले नव्हते त्याच्यावर नावाचा संशय धरून, ज्याने मागितले त्याला मी ते देऊन टाकले.

श्रावणात नाना पत्राबद्दल आभार मानायला पुन्हा आले. जाताना त्यांनी पिशवीतून एक नलिका काढून सुमतीच्या हातात दिली. "वहिनी, ही तुम्हांला. तायडे भाऊंना आत्ताच सांगू नका, ते आणखी दहा वर्षं मोजत बसतील." सुमतीने माझ्याकडे पाहिले. मी नानांना निरोप द्यायला पायरीपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, छाती कशी हलकी वाटते आहे. मी देवापाशी दिवा लावला.

भाद्रपदाच्या आरंभी आठवडाभर हवा इतकी दमट होती की देवघरातल्या काडेपेटीची काडी पेटेना. तायडे एका सकाळी आले आणि म्हणाले, "गुरुजी, धुळ्याला चला. नाना माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

त्यांनी बारा नलिका बनवून नानांकडे ठेवायला दिल्या होत्या: काही पत्र्याच्या छपराखाली, काही माठाजवळ, काही कपाटात. हवेचा चूर्णावर काय परिणाम होतो हे पाहायचे होते. कोणा माणसाला त्या द्यायच्या नव्हत्या. घरी मात्र त्यांच्या स्वतःच्या दोन नमुन्यांनी घात केला. अर्काने दमटपणा शोषला, चूर्णाचे खडे झाले. टोपी फिरवली की एकदा काहीच येत नसे, आणि पुढच्या खेपेला साठलेले सगळे एकदम येई.

एस.टी.च्या खिडकीशी ते बसले होते. पारोळा मागे पडला. तेव्हा तायडे एकदम म्हणाले, "सरासरी बरोबर येते आहे. त्याचीच भीती वाटते."

मी खिडकीबाहेरच्या कपाशीकडे पाहत राहिलो. आमच्या घरातली नलिका त्या वेळी फडताळात, पाण्याच्या पिंपाच्या वरच्या फळीवर होती.

नानांच्या दवाखान्यात बाकावर एक वृद्ध शेतकरी बसले होते आणि त्यांच्या हातात मात्रानलिका होती. तायडे दारातच थबकले. मग त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"आबा, हे कधीपासून घेता?"

"बैलपोयापासून. भलतं गुणकारी शे भाऊ. छाती बठ्ठी मोकयी."

"दिवसातून कितीदा?"

"आते काय मोजस का मी! दम लागना की ओढस. एक डाव काही उनं नही तं आखो एक डाव ओढस."

काही आले नाही की पुन्हा ओढतो, हे ऐकताच तायड्यांनी त्यांच्या हातातून नलिका इतक्या हळुवारपणे काढून घेतली, की म्हाताऱ्याला क्षणभर कळलेच नाही. नाना आतून आले. त्यानंतर जे झाले ते भांडण म्हणता येणार नाही, कारण आवाज कोणी चढवला नाही.

"नाना, या माणसांसाठी नव्हत्या."

"अहो, माणसांना बरं वाटतंय! आणि मी काय अंधारात दिल्या? गुरुजींचं पत्र आहे. हे बघा, काचेत लावलंय."

भिंतीवर, धन्वंतरीच्या तसबिरीखाली, माझे अक्षर होते. तायड्यांनी ते वाचले. मग माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या नजरेत राग शोधत होतो. दिसली ती केवळ नोंद. चौथा रकाना आखावा तसे काहीसे.

"सगळ्या परत द्या," ते नानांना म्हणाले. "बाराच्या बारा."

परतीच्या प्रवासात त्यांनी पत्राचा विषय काढला नाही. घरी काही आहे का, असेही विचारले नाही. आणि माझ्या मनात, त्या मौनाच्या छायेत, एक क्षुद्र विचार वाढत गेला: याला कोणी मोठा कारखानदार भेटला असावा. म्हणून आता खडे झाल्याचे निमित्त सांगून हा सगळ्यांच्या हातून यंत्र काढून घेतो आहे. सुमतीला तर उतार पडला होता. एका लहरी मनुष्याच्या शंकेखातर तिचा श्वास का हिरावून घ्यावा? घरी पोहोचल्यावर मी तिला काहीही सांगितले नाही.

सातव्या दिवशी दुपारी तायडे आले. हातात पिशवी होती. पायरीवरच उभे राहून म्हणाले, "अकरा परत आल्या. बारावी फुटली म्हणतात नाना. फुटली असती तर तुकडे दिले असते." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "गुरुजी, तुमच्याकडे आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

सत्याविषयी मी शाळेत किती सुभाषिते पाठ करून घेतली असतील! तो एक शब्द उच्चारायला मला काहीही कष्ट पडले नाहीत.

तायडे हलले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिले. सुमती दिवाणावर पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसली होती.

"अक्का, बरं आहे का?"

"बरं आहे भाऊ. तहान फार लागते, एवढंच."

"पोथी वाचता ना रोज?"

"अहो, दोन दिवस झाले, अक्षरं पसरतात. चष्म्याचा नंबर वाढला असणार. हे म्हणाले, पितृपक्ष झाला की दाखवू."

तायडे चपला काढून आत आले. पहिल्यांदाच त्यांनी माझी परवानगी घेतली नाही. "अक्का, जरा उजेडात या. खिडकीशी. माझ्याकडे बघा." दुपारचे ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर पडले होते. त्यांनी भिंग काढले, पाहिले, आणि मला जवळ बोलावले. एवढ्या उन्हात तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या आकसल्या नव्हत्या. काळ्या, मोठ्या, अंधारात असाव्यात तशा उघड्या होत्या.

सुमतीने आम्हां दोघांकडे पाहिले. मग उठली, फडताळापाशी गेली आणि नलिका आणून तायड्यांच्या हातात ठेवली. "यांचा दोष नाही भाऊ. मला बरं वाटत होतं."

"किती वेळा घेतली?"

"आधी एक दिवसाआड. आता रोज दोनदा, तीनदा. कधी काही आलं नाही असं वाटलं की पुन्हा फिरवायची."

त्यांनी पिशवीतून भाता काढला, काटा काढला, कापूस काढला, आणि आमच्या ओसरीवर मांडून बसले. मला वाटले, आता कशाला? निघायला हवे. ते माझे मन ओळखल्यासारखे म्हणाले, "रिक्षा सांगा तुम्ही. ती येईपर्यंत मोजतो. डॉक्टर विचारतील किती गेलं. अंदाज सांगायचा नाही."

पहिला झुरका: बोळ्याचे वजन जसे हवे तसे. दुसरा: तसेच. तिसऱ्याला काट्यावरचा आकडा हललाच नाही. चौथ्यालाही नाही. पाचव्याला नळीत काही तरी सुटल्याचा बारीक आवाज झाला आणि काट्यावरचा आकडा जवळजवळ तिपटीवर जाऊन थांबला. तायड्यांनी तो लिहिला. त्यांचा हात स्थिर होता. वहीवर मात्र घामाचा एक थेंब पडला आणि शाई पसरली, तेव्हा त्यांनी तो आकडा शेजारी पुन्हा लिहिला.

रिक्षात ते सुमतीच्या समोर उलटे बसले आणि इस्पितळापर्यंत तिला प्रश्न विचारत राहिले. माहेरचे गाव कोणते? लग्न कोणत्या तिथीला? आणि दर थोड्या वेळाने: "अक्का, मी कोण?"

"अहो भाऊ, तुम्ही तायडे. किती वेळा विचाराल?"

"विचारू द्या."

तिला तिथे दोन दिवस ठेवावे लागले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तायड्यांची वही वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाले की रुग्णाबरोबर असा कागद घेऊन कोणी आल्याचे त्यांनी पाहिले नव्हते; आणखी चार दिवस गेले असते तर काय झाले असते, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. सुमती बरी झाली. डॉक्टरांचा पंप आता ती चुकवत नाही.

ती घरी आल्यावर तायडे भेटायला आले तेव्हा मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, नाकारलीही नाही आणि स्वीकारलीही नाही. मग कोरे कागद पुढे केले. "तुमचं अक्षर चांगलं आहे. अर्ज लिहायचा आहे. औषधांचे परवाने देतात त्या कचेरीत. परवाना नसताना यंत्र बनवलं, धोतऱ्याचं औषध भरलं, माणसांना दिलं गेलं, एका बाईला इस्पितळात न्यावं लागलं. मापांची वही सोबत जोडायची."

"नानांविरुद्ध?"

"नानांचं नाव दुसरं. पहिलं माझं. बनवली मी. कुठं ठेवली, कोणाच्या हाती ठेवली, हे बघणं माझं काम होतं."

मी लिहीत गेलो. नानांनी कोणाचे वाईट चिंतले नव्हते, हे वाक्यही त्यांनी घालायला लावले, कारण ते खरे होते. दुसऱ्या नावानंतर लेखणी थांबली. त्यांनी मला काहीही सुचवले नाही. खिडकीबाहेर पाहत बसले. तिसरे नाव मी माझे लिहिले आणि त्यापुढे, 'नलिका शास्त्रसंमत असल्याचे पत्र दिले. स्वतःच्या घरात ती असताना नाही म्हणून सांगितले.' त्यांनी सगळा अर्ज वाचला, त्या ओळीवर काही क्षण थांबले आणि म्हणाले, "पत्राची तारीख राहिली."

पुढे त्या अर्जाचे जे व्हायचे ते झाले. नानांनी चूर्ण बंद केले, माझे पत्र भिंतीवरून उतरले, तायड्यांना अनेक हेलपाटे पडले आणि नंतर ते मुलीकडे राहायला गेले. माझ्या स्मरणात त्यांचे शेवटचे रूप आहे ते अर्ज देण्याच्या दिवसाचे. कचेरीच्या खिडकीपाशी ते उभे होते, काखेत बारा नलिकांचे खोके, वरची गुंडी लावलेली. मी मागे बाकावर होतो. आतल्या लिपिकाने अर्ज चाळला आणि चष्म्यावरून पाहिले.

"तक्रार कोणाविरुद्ध आहे, काका?"

"माझ्याविरुद्ध."

"म्हणजे तुमची तक्रार कोणी केली?"

"मीच केली."

लिपिकाचा चेहरा बदलला. असा मनुष्य काही तरी लपवत असलाच पाहिजे, हे त्याच्या नजरेत स्पष्ट उमटले. त्याने आधारकार्ड मागितले. फोटोवरून चेहऱ्याकडे आणि चेहऱ्यावरून फोटोकडे त्याची नजर दोनदा गेली. सही त्याने दुसऱ्या कागदावर पुन्हा करून घेतली, दोन्ही सह्या उजेडाला धरून एकावर एक ठेवल्या, आणि तरीही त्याचे समाधान होईना.

तायडे त्याच्याकडे पाहत होते. आमच्या एवढ्या ओळखीत त्यांच्या चेहऱ्यावर तशी स्वस्थता मी पाहिली नव्हती.

"बघा, अजून एकदा बघा," ते त्या लिपिकाला म्हणाले. "मला घाई नाही."